ताहेरा खालाची आगबोट

दोहाच्या बिन महमूद भागात राहणाऱ्या ताहेरुन्निसाने नऊ वर्षांत शेजारपाजारची मिळून तीसेक पोरं शाळेत पोचवली, आणि त्यांतलं एकही पोर पहिल्या घंटेला वर्गात हजर नव्हतं. ती पोरं आता मोठी झाली आहेत. कुणाला टक्कल पडतंय, कुणी स्वतःच्या पोरांवर ओरडतंय, कुणी कॅनडात दारापुढचा बर्फ उपसतंय. पण ताहेरा खालाचं नाव निघालं की सगळ्यांचे चेहरे एकसारखे उजळतात. उशिराबद्दल खालाला कुणी कधी बोल लावला नाही. उशीर गाडीमुळे व्हायचा, आणि गाडीवर तर पोरांचा खालाइतकाच जीव होता.

गाडी अमेरिकन होती, चौऱ्याऐंशी सालची. रंग पिकल्या खजुराचा, लांबी अठरा फूट. बॉनेट इतकं ऐसपैस की एका जूनमध्ये ताहेराने त्यावर तांदळाच्या फेण्या वाळत घातल्या आणि अर्ध्या तासात उचलल्या. पुढे-मागे सलग सोफे. पुढे तीन माणसं, मागे चार, आणि मागच्यांच्या मांडीवर जमतील तेवढी पोरं. डिकीत एखाद्या लहान कुटुंबाने चूल मांडली असती तरी चाललं असतं. एवढा पसारा ओढायला आत जे इंजिन होतं, त्याची मात्र कीव यायची. मध्यंतरी अमेरिकेत पेट्रोल महागलं, तेव्हा तिकडच्या लोकांनी गाडीचं अंग होतं तसंच ठेवलं आणि काळीज तेवढं लहान केलं. अंग म्हशीचं, काळीज चिमणीचं. ॲक्सिलरेटर दाबला की आधी एक लांब सुस्कारा ऐकू यायचा. मग गाडी विचार करायची. मग कुणाचा तरी सल्ला घेतल्यासारखी थरथरायची, आणि मग, अल्लाच्या मेहेरबानीने, निघायची.

ताहेराच्या नवऱ्याने, नसरुद्दीनने, तिचं नाव 'आगबोट' ठेवलं. लहानपणी तो मुंबईहून दाभोळला आगबोटीने यायचा. ती बोटही अशीच होती म्हणे, आकाराने राजवाडा आणि वेगाने वरात. नाव चेष्टेत ठेवलेलं, पण पोरांनी उचललं आणि ते कायमचं चिकटलं.

खरं तर गाडी नसरुद्दीनने स्वतःसाठी घेतली होती. तो एका ट्रेडिंग कंपनीत स्टोअरकीपर. स्टोअरमधल्या दहा हजार नटबोल्टांपैकी कुठला कुठल्या खणात आहे हे तो डोळे मिटून सांगायचा, पण डोळे उघडे ठेवून गाडी चालवणं त्याला जमेना. परीक्षेत तो चार वेळा नापास झाला. चौथ्या वेळी परीक्षा घेणाऱ्या पोलिसाने गाडी कडेला थांबवायला लावली, त्याला थंड पाणी पाजलं आणि मोडक्या हिंदीत मोठ्या मायेने विचारलं, "घर में दूसरा कोई है?"

"बीवी है," नसरुद्दीन म्हणाला.

"खलास. उसको भेजो."

अशा रीतीने ताहेरा ड्रायव्हर झाली. ती पहिल्याच फटक्यात पास झाली, आणि ही गोष्ट तिने नवऱ्याला गेल्या अठ्ठावीस वर्षांत फक्त रोज एकदाच ऐकवली आहे.

तिच्या पास होण्यात आश्चर्य काही नव्हतं. ताहेरा दाभोळच्या तांडेलाची पोर. मिसरूड फुटलेले भाऊ जाळ्यात पाय अडकवून पडायचे, तेव्हा दहा वर्षांची ताहेरा बापाच्या मचव्याचं सुकाणू धरून बसलेली असायची. सुकाणू फिरवलं म्हणून मचवा लगेच वळत नाही. तो आपल्या मर्जीने वळतो, आणि तोवर वाट बघावी लागते. जपानी गाड्यांवर शिकलेल्या बायकांना आगबोट वेडी वाटायची. ताहेराला ती पहिल्या दिवशीच घरची वाटली. स्टिअरिंग फिरवायचं, एक बिस्मिल्ला म्हणायचं, आणि तेवढ्यात गाडी वळतेच. नऊ वर्षांत एकही अपघात नाही. नसरुद्दीन म्हणायचा, "कुणाला ठोकायला आधी तिथवर पोचायला लागतं गो."

पोरांना शाळेत न्यायचं काम तिच्या अंगावर आपोआप पडलं. आधी स्वतःची दोन, जियाद आणि अदीबा. मग वरच्या मजल्यावरच्या नाशिककर नयनाची दोन, अनय आणि अंतरा. मग समोरच्या इमारतीतली, मग तिच्या पलीकडची. गाडी भरली म्हणून ताहेराने कधी कुणाला नाही म्हटलं नाही, कारण ती गाडी भरलेली कुणी पाहिलीच नव्हती.

दोहा म्हणजे पाटासारखं सपाट शहर, पण नशिबाने शाळेच्या वाटेवर नेमका एक उड्डाणपूल होता. पूल चढणं आणि एसी चालवणं ही दोन कामं आगबोटीला एका वेळी झेपत नसत. म्हणून पुलाच्या पायथ्याशी ताहेरा आरोळी द्यायची, "एसी बंद!" पुढच्या सीटवरचं पोर बटण बंद करायचं, मागची पोरं भराभर काचा खाली घ्यायची, आणि मग सगळी मिळून पुढे झुकायची. का झुकायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. अनयला सातवीपर्यंत वाटत होतं की गाडी आपण झुकतो म्हणूनच चढते. पुढे तो इंजिनियर झाला, तरी ती शंका त्याच्या मनातून पुरती गेलेली नाही.

बटणाचा मान मोठा. त्यावरून रोज हाणामाऱ्या व्हायच्या. शेवटी ताहेराने ग्लव्हबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला निळ्या बॉलपेनाने पाळ्या लिहून टाकल्या. शनिवार अनय, रविवार अदीबा, अशा. तेव्हा इथला शाळेचा आठवडा शनिवारी सुरू व्हायचा.

पण पोरांना शाळेत सोडलं की आगबोट घरी येत नसे. पहिल्यांदाच बाळंत होणारी कुणी बिचारी दवाखान्यात न्यायची असे, कुणाची सासू विमानतळावरून आणायची असे, आणि सासूबरोबर दोरीने बांधलेले आंब्यांचे तीन खोके असत. नवऱ्याची ड्युटी सकाळी सहाला सुरू होऊन संध्याकाळी सहाला संपणाऱ्या, चार भिंतींत बसून वेड लागायची पाळी आलेल्या बायकांना ताहेरा उगीचच समुद्राकाठी कॉर्निशवर फिरवून आणायची. तिला स्वतःलाही याच गाडीने शहर दाखवलं होतं, तेही सावकाश, एकही दुकान न गाळता. परक्या मुलखात आलेल्या बाईवर याहून मोठे उपकार कुणी केले नाहीत, असं ताहेराचं प्रामाणिक मत होतं, आणि 'कुणी'मध्ये ती नवऱ्यालाही धरत होती.

दोन हजार पाच साली शाळेच्या बसगाड्या सुरळीत झाल्या आणि आगबोटीची गरज संपली. शहानियाकडच्या एका शेतावरच्या मॅनेजरने ती कोंबड्यांचं खाद्य वाहायला घेतली. ताहेरा रडली बिडली नाही. तीन दिवस कालवणात मीठ जास्त पडलं, एवढंच. त्यानंतर तिच्याकडे एक छोटी जपानी गाडी आली. पाय नुसता जवळ नेला तरी उडी मारणारी, आगाऊ. ताहेरा ती चालवायची, पण तिच्याशी कधी बोलली नाही.

यंदा नसरुद्दीन निवृत्त झाला. कंपनीने निरोप दिला, व्हिसा संपत आला, आणि पुढच्या मंगळवारी दोघं कायमची दाभोळला निघणार होती. गुरुवारी संध्याकाळी अनय त्यांच्या घरी आला तेव्हा ताहेरा एका सुटकेसवर बसली होती आणि नसरुद्दीन खाली वाकून चेन ओढत होता.

"खाला, आधी तुम्ही नीट बसा," अनय म्हणाला.

"बसलेलीच आहे. उठले तर बॅग उघडंल. बोल."

"माझ्या ऑफिसात जैद म्हणून एक कतारी कलीग आहे. मुशैरिबला, माझ्या शेजारच्याच डेस्कवर. त्याला जुन्या अमेरिकन गाड्यांचं वेड आहे. गेल्या महिन्यात त्याने एका फार्मवरून एक गाडी उचलली. काल मला फोटो दाखवला. म्हणतो, आत इंडियन भाषेत काहीतरी लिहिलंय, सर्व्हिसिंगच्या इन्स्ट्रक्शन्स असतील, जरा वाचून दाखव."

"मग?"

"मग मी वाचलं. शनिवार अनय."

ताहेरा उठली. सुटकेसने सुटकेचा श्वास टाकला, आणि तासाभराच्या मेहनतीने कोंबलेल्या चादरी, बदाम आणि नातवंडांचे बूट बाहेर आले. नसरुद्दीनने कपाळावर हात मारला, पण फोनमध्ये डोकवायला तोही आलाच.

"हीच गो!" तो म्हणाला. "अजून जिवंत?"

"तुमच्यापरीस बरी दिसते," ताहेरा म्हणाली. तिने फोटो दोन बोटांनी मोठा केला, मग आणखी मोठा केला, आणि स्क्रीनवरून अंगठा असा फिरवला जशी धूळ पुसतेय. "कोंबड्यांनी सीट तेवढी नासवली."

"ती त्याने नवी केलीय. पण खाला, एक प्रॉब्लेम आहे." अनय जरा अडखळला. "रविवारी तो तिचं इंजिन काढतोय. इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजात आठ सिलिंडरचं भलंमोठं इंजिन येऊन पडलंय. तो म्हणतो, बॉडी सुपर्ब आहे, इंजिन मात्र शेम."

"शेम?" ताहेराने फोन परत केला. "ज्या इंजिनाने तुला आठवीपर्यंत पोचवला त्याला शेम?"

"मी नाही म्हटलं, खाला. तो म्हणाला."

"आणि तू ऐकून घेतलास?"

अनयने मान खाली घातली. मोठमोठ्या पाइपलाइनी टाकणारा माणूस, पण खालापुढे तो अजून मांडीवरच्या रांगेतला होता.

ताहेरा खिडकीपाशी गेली. गाडी आता दुसऱ्याची, पैसा दुसऱ्याचा, हौस दुसऱ्याची, आपण चार दिवसांचे पाहुणे, हे सगळं तिला कळत होतं. पण आगबोटीला कुणी पळायला लावणार, या कल्पनेनेच तिचा जीव कासावीस झाला. पंचाहत्तरीच्या म्हातारीला कुणी शर्यतीत उतरवणार असल्यासारखं तिला वाटलं. "मना ती चालवायची आहे," ती म्हणाली. "रविवारच्या आधी. तिच्या स्वतःच्या काळजावर. विचार त्याला."

विचारायचा अवकाश, जैदने लगेच बोलावलं. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर, अल अझीझियातल्या त्याच्या घरी.

जैद पस्तिशीचा, पांढऱ्याशुभ्र पायघोळ थोबमधला हसरा गडी. त्याने पाहुण्यांना मजलिशीत, म्हणजे बैठकीच्या खोलीत बसवलं, गव्हा म्हणजे तिथली वेलचीची कॉफी दिली, खजूर पुढे केले. आत त्याची आई होती. तिला सगळे उम्म जैद म्हणत. त्या वयाच्या बाईला इथे थोरल्या मुलाच्या नावानेच हाक मारतात. घरात चाळीस वर्षं हिंदुस्थानी कामाची माणसं असल्यामुळे तिचं हिंदी मोडकं, पण बिनधास्त होतं. पाहुणी बाई गाडी चालवणार हे कळताच तिने बुरखा आवळला.

"मैं भी आएगा."

"यूम्मा," जैद चकित होऊन आईला म्हणाला, "मी रोज विचारतो चल म्हणून, तेव्हा येत नाहीस!"

"तुम्हारा गाडी में मेरा पेट पहले पहुँचता, मैं बाद में," म्हातारीने पाहुणीलाही कळावं म्हणून हिंदीतच ठणकावलं. ताहेराला ती तिथेच आवडली.

आगबोट अंगणात उभी होती. घासूनपुसून, नव्या कातड्याच्या सीटांवर, लग्नाला निघालेल्या आजीसारखी लाजून. ताहेराने दार उघडलं. दार तसंच जड होतं आणि तसंच खोल आवाजात लागलं. किल्ली फिरवल्यावर इंजिनाने खोकून बघितलं, थांबलं, पुन्हा खोकलं, आणि मग बारीक घरघर सुरू झाली. "सलाम आलेकूम गो," ताहेरा हळूच म्हणाली. तिच्या शेजारी जैद बसला, मागे एकटी उम्म जैद, थर्मास मांडीवर घेऊन. अनय आणि नसरुद्दीन अनयच्या गाडीतून मागोमाग निघाले.

मागून येणं किती कठीण असतं ते त्या दोघांना पुढच्या अर्ध्या तासात कळलं. अनयची नवी गाडी इतक्या हळू चालायला तयारच नव्हती. ती सारखी टुंग टुंग करून काहीतरी बिघडलंय असं सांगत होती. पाण्याचा टँकर पुढे गेला. डिलिव्हरीवाल्यांच्या मोटारसायकली पुढे गेल्या. ॲस्पायर पार्कच्या कडेला घट्ट कपडे घातलेला एक सायकलस्वार पुढे गेला आणि जाता जाता त्याने धीर दिल्यासारखा हात केला.

"आपण चालत गेलो असतो तर?" नसरुद्दीनने विचारलं.

"तर खालू, वाटेत त्यांची वाट बघत थांबावं लागलं असतं."

पुढच्या गाडीत ताहेरा कुठल्याच जगात नव्हती. एक हात स्टिअरिंगवर, एक खिडकीच्या कडेवर. वळण आलं की ती आधी सुकाणू द्यायची आणि मग निवांत वाट बघायची. जैदचा उजवा पाय आपोआप जमीन दाबत होता. आपल्या शहरात इतक्या दुकानांना पाट्या आहेत हे त्याला माहीतच नव्हतं. मागे उम्म जैदने कॉफीचं इवलंसं फिंजान भरलं, ओठाला लावलं आणि खाली बघितलं. थेंब सांडला नव्हता. तिने दुसरं भरलं.

सलवा रोडचा पूल समोर आला. ताहेराच्या लक्षातही यायच्या आत तिच्या तोंडून आरोळी गेली, "एसी बंद!"

जैद दचकला. "क्या हुआ?"

"बटन, बेटा, बटन! जल्दी! और शीशा नीचे!"

मे महिना होता. बाहेर चाळीसच्या वर. जैदने आयुष्यात गाडीचा एसी स्वतःच्या हाताने कधी बंद केला नव्हता. त्याने केला. काचा खाली गेल्या आणि गरम वारा भसकन आत आला, समुद्राचा खारट वास घेऊन, डिझेलचा, कुठल्या तरी टपरीवरच्या चपातीचा. आगबोट पूल चढू लागली. काटा चाळीसवर. पस्तीस. तीस. ताहेरा पुढे झुकली. जैदही, का ते न कळता, पुढे झुकला. मागून हसण्याचा आवाज आला. उम्म जैद खिडकीतून चेहरा बाहेर काढून हसत होती, बुरख्याचं टोक वाऱ्यावर फडफडत होतं. गेल्या वीस वर्षांत तिला गाडीत कधी वारा लागला नव्हता. बंद काळ्या काचांतून शहर बघायचं, थंडीने कुडकुडायचं आणि पोटात ढवळत घरी यायचं, एवढाच तिचा प्रवास.

"शुवै शुवै," ती ताहेराच्या खांद्यावर थोपटत म्हणाली. हळूहळू. "बहोत अच्छा. ऐसा ही चलाओ."

घरी परत आल्यावर सगळे अंगणात उतरले. आता बोलायची वेळ होती, आणि इथेच ताहेराचं कोकण आडवं आलं. कोकणातला माणूस काही मागत नाही. त्याला मागायची लाज वाटते. शेजारच्याचा फणस हवा असला तर तो फणसाची तारीफ करतो, झाडाची करतो, झाड लावणाऱ्या आजोबांची करतो, आणि समोरच्याला अक्कल असेल तर तो समजून घेतो. इंजिन काढू नको, असं ताहेराच्या जिभेवर येईना. तिने बॉनेटवर हात ठेवला आणि तारीफ सुरू केली.

"ऐसी गाडी दुनिया में नहीं है, बेटा. क्या चलती है! क्या आवाज! ऐसा दिल किसी गाडी का नहीं. सोना है सोना."

मागे नसरुद्दीनला खोकल्याची उबळ आली. त्याने डोळ्यांनी खुणावलं, हाताने खुणावलं, शेवटी पाय आपटला. त्याने कतारी मालकांच्या हाताखाली तीस वर्षं काढली होती. इथल्या खानदानी माणसापुढे एखाद्या वस्तूची फार तारीफ करायची नसते, कारण मग तो ती देऊन टाकतो. याच कारणाने नसरुद्दीनच्या घरी आजवर दोन पेनं आणि एक पोपट आला होता.

पण ताहेरा थांबेना. "इतनी अच्छी चीज़ मैंने जिंदगी में नहीं देखी," ती म्हणाली.

जैदने छातीवर हात ठेवला. "खाला," तो म्हणाला, "यह गाडी आपकी." आणि किल्ली तिच्या तळव्यावर ठेवून तिची बोटं मिटली.



"झाला!" नसरुद्दीन मराठीत म्हणाला. "तेवीस किलोची बॅग बंद होत नाय. ही आता कुठे बसवतंस? हँडबॅगेत?"

"नको रे बाबा," ताहेरा घाबरून जैदला म्हणाली. "नहीं, नहीं. मैं तो बस..."

"आपकी. खलास."

तिने तीन वेळा नाही म्हटलं, जैदने तीन वेळा हो म्हटलं. चौथ्यांदा नाही म्हणणं म्हणजे त्याच्या घराचा अपमान, हे अनयने तिच्या कानात सांगितलं. ताहेरा किल्लीकडे बघत उभी राहिली. मंगळवारचं विमान, दाभोळचा चिंचोळा रस्ता, आणि अठरा फुटांची म्हातारी. मग तिने मान वर केली. उम्म जैद अजून गाडीचं दार सोडायला तयार नव्हती. एक हात तिने दारावर ठेवला होता, जसा माणूस एखाद्या नव्या मैत्रिणीचा हात धरून ठेवतो.

ताहेराच्या डोक्यात उजेड पडला. गाडी आता आपली आहे ना? मग आपली वस्तू आपण कुणालाही देऊ शकतो.

ती उम्म जैदपाशी गेली आणि किल्ली तिच्या ओंजळीत ठेवली. "यह मेरी तरफ से, आपके लिए," ती म्हणाली. "जैसी है, वैसी. अंदर की कोई चीज़ बदलनी हो तो लोग पहले आपसे पूछें."

म्हातारीने किल्लीकडे बघितलं, ताहेराकडे बघितलं, आणि मग मुलाकडे. तिच्या सगळं ध्यानात आलं. मूठ घट्ट मिटली.

"यूम्मा," जैद चाचरत म्हणाला, "फक्त इंजिन तेवढं रविवारी..."

"ला," उम्म जैद म्हणाली. नाही. एवढ्या लहान शब्दाचा एवढा चढायला अशक्य उड्डाणपूल अनयने कधी बघितला नव्हता.

जैदने आईकडे बघितलं, ताहेराकडे बघितलं. या दोन म्हाताऱ्यांनी आपल्याला कसं आणि कुठल्या वळणावर गाठलं, याचा त्याने जरा हिशोब लावायचा प्रयत्न केला. मग तो डोकं मागे टाकून हसला, फोन काढला आणि गॅरेजवाल्याला सांगितलं की ते मोठं इंजिन दुसऱ्या एखाद्या गाडीत बसव, या गाडीची मालकीण ऐकत नाही.

ताहेराने आभार मानले ते तिच्या रीतीने. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलावर कडकडा मोडली. जैदला ही रीत ठाऊक नव्हती. अर्थ मात्र समजला असावा, कारण त्याने डोकं आणखी थोडं खाली वाकवलं.

"यल्ला," उम्म जैदने फर्मावलं. चला. "अब जैद चलाएगा. तुम मेरे साथ पीछे बैठो."

वाळूच्या डोंगरांवरून गाड्या उडवणारा जैद आगबोटीपुढे हतबल झाला. त्याने पाय दाबला, काही झालं नाही. आणखी दाबला, नुसताच सुस्कारा आला. "दबा मत, बेटा. माँग मत. खुद देती है," ताहेरा मागून शिकवत होती. मधल्या जागेवर अंग चोरून बसलेला नसरुद्दीन, जो चार वेळा नापास झाला होता, तोही त्याला सूचना देत होता. खिडकीशी अनय. तिघे पुढे, दोघी मागे, आगबोट फाटकातून बाहेर पडली.

ताहेरा सीटमध्ये रेलली आणि एकदम तिच्या लक्षात आलं की आपण या गाडीत मागे कधी बसलोच नव्हतो. नऊ वर्षं चालवली, पण मागून ती कशी दिसते ते माहीतच नव्हतं. सीट पाळण्यासारखी हलत होती. मागच्या रुंद काचेतून नुसतं आभाळ दिसत होतं, खजुराच्या झाडांचे शेंडे एकेक करून मागे जात होते. रस्ता दिसतच नव्हता. समोर फक्त जैदच्या डोक्यावरचा पांढरा रुमाल.

"अनय," ती म्हणाली, "तुम्हाला इथून काय दिसायचा रे?"

अनयने वळून बघितलं. "काही नाही, खाला. तुमची ओढणी दिसायची. बस."

"मग भीती नाय वाटायची? कुठे चाललो ते दिसत नाय, गाडी अशी रडत चाललेली..."

"कशाची भीती? पुढे तुम्ही होतात की."

 ताहेरा बाहेर बघू लागली. तिने तिशीत पहिल्यांदा पाहिलेलं, तिच्या पोरांना वाढवलेलं, आता चार दिवसांनी सुटणारं शहर खिडकीतून एकेक दुकान करत तिच्यासमोरून निघालं होतं, आणि त्यातलं एकही दुकान तिला आज चुकवायचं नव्हतं. शेजारी उम्म जैदने तिच्या हातात गरम फिंजान दिलं.

ताहेरा पुढे वाकली. "जैद बेटा," ती म्हणाली, "और थोडा आहिस्ता."